मोडलेला कॅमेरा कोणाच्या मालकीचा?

सुटे भाग कोणाच्या हाती असावेत, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. वेतनवाढ, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक या प्रश्नांच्या पंक्तीत त्याला कोणी पाट मांडत नाही. दुरुस्ती हा कारागिराचा धंदा, जुन्या वस्तू जमविणे हा सुखवस्तू माणसाचा छंद, आणि चळवळीचा या दोहोंशी काही संबंध नाही, असे आपल्यातील पुष्कळ कार्यकर्ते गृहीत धरून चालतात. हे गृहीतक चुकीचे तर आहेच, शिवाय ते मक्तेदारांच्या सोयीचे आहे. ते खोडून काढण्यासाठी मी हेतुतः एक लहानसे उदाहरण घेत आहे : घडीचा जुना कॅमेरा, त्याची दुरुस्ती, आणि निकामी कॅमेऱ्यांतून वाचविलेल्या सुट्या भागांचा उपयोग.

घडीचा कॅमेरा आता अनेकांनी पाहिलेलाही नसेल. पुढचे झाकण उघडले की धातूच्या दांड्यांच्या आधाराने भिंग पुढे येते आणि त्याच्या मागे काळा भाता पसरतो. मिटला की सारे यंत्र कोटाच्या खिशात मावते. १८९० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकापर्यंत युरोप-अमेरिकेतील सामान्य कुटुंबांच्या हाती छायाचित्रणाचे जे साधन आले ते पेटी-कॅमेरा आणि घडीचा कॅमेरा या दोन रूपांनी. कोडॅकचा १९१२ साली निघालेला 'व्हेस्ट पॉकेट' पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या खिशांतून खंदकांपर्यंत गेला. १९२६ साली जर्मनीत 'आर्बायटर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग' या कामगारांच्या सचित्र साप्ताहिकाने वाचकांना आवाहन केले की, आमच्या जीवनाची चित्रे भांडवलदारी वृत्तसंस्थांकडून विकत घेण्यापेक्षा तुम्हीच ती काढून पाठवा. त्याच वर्षी 'डेर आर्बायटर-फोटोग्राफ' हे नियतकालिक सुरू झाले. त्यात कामगाराला कॅमेरा कसा वापरावा, चित्र घरी कसे धुवावे याचे धडे दिले जात. १९३३ साली नाझींनी ही चळवळ चिरडली. परंतु एक गोष्ट तिने सिद्ध केली होती : साधन हाती आले आणि ते कसे चालते हे समजले, की कामगार स्वतःकडे मालकाच्या डोळ्यांनी पाहणे सोडून देतो.

'ते कसे चालते हे समजले' हे शब्द माझ्या प्रतिपादनाचा गाभा आहेत.

उघडता येणारे यंत्र

म्युनिकच्या आग्फा कारखान्यात १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० पर्यंत निघालेला 'इझोलेट' कॅमेरा घ्या. लाखो घरांत गेलेला, मध्यम किमतीचा हा कॅमेरा. त्याच्या एकाच सांगाड्यावर खिशाप्रमाणे श्रेणी लावलेली असे. ज्याच्यापाशी पैसे कमी त्याला तीन भिंगांचे 'आग्नार' आणि मोजक्याच गतींचे 'व्हारिओ' शटर. ज्याच्यापाशी अधिक त्याला चार भिंगांचे 'सोलिनार' आणि 'सिंक्रो-कॉम्पूर'. वर्गभेद असा पितळेत व काचेत कोरलेला होता. पण एक गोष्ट सर्व श्रेण्यांत समान होती. कोणताही इझोलेट साध्या हत्यारांनी पूर्णपणे उघडता येतो आणि पूर्णपणे जोडता येतो.

मागचे दार उघडल्यावर आतल्या बाजूस दोन खाचांचे एक कडे दिसते. दोन टोकांच्या पान्याने ते फिरविले की शटर, भिंगासह, अखंड हातात येते. पुढच्या फोकसच्या कड्यावर तीन बारीक स्क्रू असतात. ते सैल केले की कडे निघते आणि त्याखाली पुढच्या भिंगाची पितळी चौकट दिसते. बहुतेक इझोलेटमध्ये ही चौकट आज फिरत नाही, कारण कारखान्यात भरलेले हिरवे ग्रीस सत्तर वर्षांत वाळून डिंकासारखे घट्ट झाले आहे. कारागीर ती चौकट मंद गरम करतो, लायटरमध्ये घालायचे पेट्रोल थेंबाथेंबाने कडेने सोडतो, वाट पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो. घाई केली तर पुढचे भिंग मधल्या भिंगासह उलगडते आणि काम दुप्पट होते. आटे कोणत्या ठिकाणी सुटले याची खूण त्याने करून ठेवलेली असते, कारण या आट्यांना अनेक सुरुवाती असतात आणि चुकीच्या सुरुवातीवर बसविलेले भिंग कधीच नीट फोकस होत नाही.

शटरच्या मंद गती बहुधा अडकतात. आत घड्याळासारखी दात्यांची लहान साखळी असते आणि तिच्यावरचे तेल घट्ट झालेले असते. ती धुऊन स्वच्छ केली की एक सेकंदाची गती पुन्हा एक सेकंदाची होते. शटरची पाती मात्र पूर्ण कोरडी हवीत. त्यांच्यावर तेलाचा अंशही राहिला तर ती परस्परांना चिकटतात. भाता तपासायचा तर अंधाऱ्या खोलीत त्याच्या आत विजेरी लावायची. घड्यांच्या कोपऱ्यांतून ताऱ्यांसारखे ठिपके दिसले तर तेवढी भोके काळ्या लवचिक रंगाने बुजवायची. भाताच जीर्ण झाला असेल तर काळ्या पातळ कापडाच्या दोन थरांत कागदाच्या पट्ट्या घालून नवा भाता घडीघडीने करायचा. शेवटी फिल्मच्या जागी घाशीव काच ठेवून, शटर उघडे धरून, दूरच्या एखाद्या मनोऱ्यावर फोकस साधायचा, आणि मग फोकसचे कडे 'अनंत' या खुणेवर आणून ते तीन स्क्रू पुन्हा आवळायचे.

इतक्या तपशिलाने हे सांगण्याचे कारण आहे. यातील एकही क्रिया गुप्त नाही. एकाही पायरीवर कंपनीची परवानगी लागत नाही. चिमटा, पाना, बारीक स्क्रूड्रायव्हर, विजेरी, थोडे पेट्रोल आणि पुष्कळ धीर, एवढ्या भांडवलावर एक माणूस ज्या यंत्राचे उत्पादन कधीच थांबले आहे ते यंत्र चालू करू शकतो.

शिवाय या यंत्राचे भाग एकमेकांना ओळखतात. शटर बनविणारे कारखाने वेगळे होते : म्युनिकचा फ्रीडरिश डेकेल 'कॉम्पूर' बनवी, काल्मबाखचा आल्फ्रेड गाउटियर 'प्रॉन्टॉर' बनवी. हीच शटरे, ठरीव मापांत, आग्फा, झाइस इकॉन, फोग्टलेंडर, कोडॅकचा जर्मन कारखाना अशा प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर बसत. परिणामी एका कंपनीच्या भंगारात पडलेल्या कॅमेऱ्यातील दात्यांची साखळी दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला जीवदान देते. फुटलेल्या भिंगाचा एक, फाटलेल्या भात्याचा दुसरा, गंजलेल्या शटरचा तिसरा, अशा तीन मोडक्या कॅमेऱ्यांतून एक चालता कॅमेरा उभा राहतो आणि उरलेले स्क्रू व कमानी चौथ्यासाठी डबीत जातात. याही कामाला नियम आहेत. शटर एका सांगाड्यावरून दुसऱ्यावर नेता येते. पण भिंगांच्या एका संचातील पुढचे भिंग काढून दुसऱ्या संचाला लावणे जाणता कारागीर टाळतो, कारण ती भिंगे परस्परांशी जुळवून बसविलेली असतात. सुटे भाग वाचविणे म्हणजे ओरबाडणे नव्हे, हे शिस्तीने काम करणारा प्रत्येक कारागीर जाणतो.

हा सुवर्णकाळ नव्हता

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. 'पूर्वीच्या वस्तू कशा पक्क्या' असा उसासा टाकणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे नाही. पूर्वीचे कारखानदार सज्जन नव्हते. इझोलेटमधील ते हिरवे ग्रीस आणि कोपऱ्यांत झिजणारा तो स्वस्त भाता हे कंपनीनेच निवडले होते. त्याच काळात झाइस इकॉनने बसविलेले चामड्याचे भाते पुष्कळदा आजही शाबूत सापडतात.

याहून भीषण गोष्टही याच कारखान्याच्या इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात म्युनिकच्या या आग्फा कारखान्याशी डाखाउ छळछावणीची एक उपछावणी जोडलेली होती. सुमारे ५०० बंदिवान स्त्रिया तेथे शस्त्रास्त्रांसाठी स्फोटाची वेळ ठरविणारी उपकरणे जोडत. जानेवारी १९४५ मध्ये त्यांतील डच स्त्रियांनी, मिळणारे सूप दिवसेंदिवस पाण्यासारखे पातळ होत चालल्याच्या निषेधार्थ काम थांबविले. छळछावणीच्या बंदुकांच्या छायेतील हा संप! आजचा संग्राहक इझोलेट हातात घेऊन त्याच्या निकेलची चमक न्याहाळतो, तेव्हा तो ज्या कारखान्याचे नाव अभिमानाने उच्चारतो त्या कारखान्याच्या भिंतींनी हेही पाहिले आहे. वस्तू जपायची ती तिच्यात साठलेल्या माणसांच्या श्रमांसाठी. कंपनीच्या कीर्तीसाठी नव्हे.

मग त्या यंत्रांची दुरुस्तीक्षमता आली कोठून? ती कोणाच्या औदार्यातून आली नाही. शटर एकाचे, भिंग दुसऱ्याचे, सांगाडा तिसऱ्याचा अशी उत्पादनाची विभागणी होती, म्हणून मापे ठरीव ठेवणे भाग होते. जोडणी हातांनी होत असे, म्हणून पुन्हा सोडता येईल असा स्क्रू वापरणे भाग होते. कॅमेरा महाग होता आणि घेणारा तो पुष्कळ वर्षे वापरणार होता, म्हणून दुरुस्ती गृहीत होती. या अटी बदलताच भांडवलाने तो गुण काढून घेतला. जे परिस्थितीने दिले ते परिस्थितीने नेले. म्हणूनच ते आता हक्क म्हणून मागून घ्यावे लागणार आहे.

कुलूप कसे लागले

कुलपाचा पहिला नमुना घडीच्या कॅमेऱ्यातच सापडतो. १९०१ सालापासून '१२०' क्रमांकाची फिल्म बाजारात होती. अनेक कंपन्या ती बनवीत, अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत ती चाले. १९३० च्या दशकाच्या आरंभी कोडॅकने '६२०' आणली. फिल्म तीच, रुंदी तीच, पाठीचा कागद तोच. फक्त रिळाचा दांडा बारीक आणि त्याच्या कडा लहान केलेल्या. कॅमेरा अधिक आटोपशीर होतो, हे दिलेले कारण. प्रत्यक्षात इतकेच झाले की, ६२० चा कॅमेरा घेणारा माणूस १२० चे रीळ घालू शकेना आणि फिल्मसाठी कोडॅकच्या दाराशी बांधला गेला. १९९५ साली कोडॅकने ६२० चे उत्पादन बंद केले आणि असंख्य धडधाकट कॅमेरे एका बारीक दांड्यापायी अनाथ झाले. १२० फिल्म मात्र आजही निघते. ज्याला जुना ६२० चा कॅमेरा वापरायचा आहे तो अंधाऱ्या खोलीत बसून १२० ची फिल्म हाताने जुन्या ६२० च्या रिळावर गुंडाळतो. म्हणजे भंगारातून वाचविलेले एक पत्र्याचे रीळ आज मक्तेदारीने लावलेल्या कुलपाची किल्ली झाले आहे.

पुढचा मजला त्याच पायावर चढला. १९८६ साली फूजीने, आणि पाठोपाठ १९८७ साली कोडॅकने, एकदा वापरून परत द्यायचा कॅमेरा बाजारात आणला. ग्राहक फिल्म धुवायला देई आणि रिकामे कवच प्रयोगशाळेत राही. काही उद्योजकांनी ही कवचे गोळा करून, नवी फिल्म भरून, पुन्हा विकली. तेव्हा फूजीने त्यांना एकस्वाचा भंग केल्याबद्दल न्यायालयात खेचले. २००१ साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने निर्वाळा दिला की, पहिली विक्री अमेरिकेत झालेल्या कवचांत फिल्म भरणे ही वैध दुरुस्ती होय. लक्षात घ्या : कागदी पुठ्ठ्यातल्या प्लास्टिकच्या डबीत फिल्म भरण्याचा हक्क आहे की नाही, यासाठी अपिलाच्या न्यायालयापर्यंत जावे लागले!

कोडॅकचेच आणखी एक प्रकरण कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास कंपनीने आपल्या छायाप्रती काढणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग स्वतंत्र दुरुस्ती-व्यावसायिकांना देणे थांबविले. हे व्यावसायिक कंपनीपेक्षा स्वस्तात काम करीत, हाच त्यांचा अपराध. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९२ साली न्यायालयाने कोडॅकची बाजू फेटाळून खटला चालविण्याचा मार्ग मोकळा केला. यंत्राच्या बाजारात स्पर्धा असली तरी एकदा यंत्र घेतलेला ग्राहक सुट्या भागांच्या बाबतीत कंपनीच्या मुठीत सापडू शकतो, हे तत्त्व तेथे मान्य झाले. पण वर्षानुवर्षे न्यायालयात झगडण्याचे बळ किती कारागिरांपाशी असते? निकॉनने २०१२ साली अमेरिकेतील स्वतंत्र दुरुस्ती-दुकानांना सुटे भाग देणे बंद केले, आणि मार्च २०२० अखेर तेथील अधिकृत दुरुस्ती-केंद्रांची योजनाही गुंडाळली. लाख रुपयांचा कॅमेरा तुमच्या हातात. त्याचा दहा रुपयांचा स्क्रू कंपनीच्या तिजोरीत.

ही परदेशातील गोष्ट, आपला तिच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. २०१४ साली आपल्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी. या कंपन्या मूळ सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारातील गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. कंपन्या अपिलांत गेल्या. गॅरेजवाल्याच्या वाट्याला निकालाची बातमी आली. कॅमेरा असो, मोटार असो, मोबाइल असो की ट्रॅक्टर असो, तत्त्व एकच आहे. विक्री पूर्ण झाल्यावरही विकणाऱ्याने वस्तूवरील सत्ता सोडलेली नसते. किंमत आपण पूर्ण मोजतो आणि मालकी अर्धी घेऊन घरी येतो.

भंगार आणि शोभा

जुन्या कॅमेऱ्यांवर आज दोन दिशांनी आघात होत आहे आणि दोन्ही बाजारातून येतात. पहिला आघात मोडून विकणाऱ्यांचा. चांगल्या स्थितीतील घडीचा कॅमेरा अखंड विकण्यापेक्षा त्याचे नामांकित भिंग काढून वेगळे विकले तर पुष्कळदा पैसे अधिक मिळतात, कारण ते भिंग नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याची हौस श्रीमंत छायाचित्रकारांत पसरली आहे. मग चालत्या यंत्राचे भिंग उपटले जाते आणि भाता, शटर, सांगाडा कचऱ्यात जातो. कारागीर तीन मेलेल्यांतून एक जिवंत करतो. हा व्यापारी एका जिवंताचे तीन तुकडे करतो. क्रिया दिसायला सारखीच, स्क्रू तेच, पाना तोच. पण एक उपयोगमूल्य वाढविते, दुसरी केवळ विनिमयमूल्य पिळून काढते. या दोन क्रियांत भेद करता येणार नसेल तर अर्थशास्त्र वाचून आपण काय मिळविले?

दुसरा आघात शोभेचा. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुने कॅमेरे पूर्वीपासून मिळत आले आहेत. आज त्यांतले कित्येक उपाहारगृहांच्या भिंतींवर आणि नवश्रीमंतांच्या दिवाणखान्यांत 'जुन्या काळचा स्पर्श' म्हणून टांगले जातात. कोणी त्यांना भोक पाडून आत विजेचा दिवा बसवितो. ज्या यंत्राने एका खाटकाच्या किंवा गिरणी कामगाराच्या मुलीचे एकुलते एक छायाचित्र टिपले असेल, ते आता कॉफीच्या पेल्यामागील देखावा झाले आहे. संग्राहकाच्या काचेच्या कपाटात बंद झालेला कॅमेराही याच वर्गातला. तो न वापरल्याने महाग होतो आणि महाग झाल्याने वापरला जात नाही.

या दोन्ही आघातांत चिरडला जातो तो कारागीर. आयातनिर्बंधांच्या काळात परदेशी कॅमेऱ्यांचे सुटे भाग मागविणे दुरापास्त होते, तेव्हा आपल्या शहरांतील कॅमेरा दुरुस्त करणाऱ्यांनी निकामी यंत्रांच्या डब्यांवर धंदा चालविला. नसलेली कमान घड्याळाच्या कमानीतून कापली, नसलेले दातेचक्र कानशीने घासून तयार केले. मुंबईच्या फोर्टमधील बोराबाजारासारख्या गल्ल्यांत हे ज्ञान हातातून हातात गेले. त्याची पाठ्यपुस्तके निघाली नाहीत, त्याला पदवी मिळाली नाही. आज त्या पिढीतील माणसे थकली आहेत. त्यांची मुले या धंद्यात येत नाहीत आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण चार तासांच्या बारीक कामाची मजुरी देताना 'एवढ्यात तर नवा मोबाइल येईल' असे गिऱ्हाईक ऐकवते. नवा मोबाइल स्वस्त वाटतो तो का? त्याच्या खाणीतील मजुराचे, जोडणी करणाऱ्या कामगाराचे आणि शेवटी दिल्लीच्या सीलमपूरमध्ये तो हातांनी फोडणाऱ्या मजुराचे आरोग्य त्याच्या किमतीत धरलेले नसते म्हणून. दुरुस्ती महाग नाही. फेकणे खोटेच स्वस्त दाखविले गेले आहे.

आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप आपल्याच मित्रांचा : हा मध्यमवर्गीय छंद आहे, यात वर्गसंघर्ष कोठे? मित्रहो, छंद म्हणून काम करणाऱ्यांची संख्या मोठी आहे हे खरे. परंतु हक्काचे स्वरूप तो आज कोण वापरतो यावरून ठरत नाही. विजेच्या मोटारीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत श्रमिकाच्या घरातील व धंद्यातील प्रत्येक यंत्राचा प्रश्न हाच आहे, आणि श्रीमंत माणूस नवे घेऊन त्यातून सुटू शकतो, गरीब सुटू शकत नाही. घडीचा कॅमेरा हा प्रयोगशाळेतील लहान नमुना आहे. त्यावर नियम स्पष्ट दिसतो, एवढेच.

दुसरा आक्षेप प्रगतिवाद्यांचा : तंत्र पुढे गेले, आता सूक्ष्म मंडले आली, स्क्रूचे युग संपले. हे अर्धसत्य आहे. मंडल सूक्ष्म झाले म्हणून बॅटरी गोंदाने चिकटविलीच पाहिजे असे विज्ञान सांगत नाही. मूळ कंपनीचाच भाग दुसऱ्या यंत्रातून काढून बसविला तरी सॉफ्टवेअरने तो ओळखण्यास नकार द्यावा, हीही भौतिकशास्त्राची गरज नाही. हे निर्णय संचालक मंडळांच्या बैठकांत होतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२४ च्या कायद्याने भागांना असे जखडण्याच्या प्रथेवर बंदी घातली. तेथील भौतिकशास्त्र काही निराळे नाही!

तिसरा आक्षेप कंपन्यांचा : अनधिकृत दुरुस्ती धोकादायक आहे आणि तीमुळे बौद्धिक संपदा उघडी पडते. लिथियमच्या बॅटरीचा धोका खरा आहे. पण धोका कमी करण्याचा मार्ग म्हणजे माहितीपुस्तिका आणि प्रशिक्षण देणे. माहिती दडवून ठेवायची आणि मग अज्ञानाकडे बोट दाखवायचे, हा न्याय कोणता? राहिली बौद्धिक संपदा. कॉम्पूर शटर शंभराहून अधिक वर्षे उघडून पाहिले जात आहे. ते उघडणाऱ्यांमुळे डेकेलचा धंदा बुडाला नाही. उलट ते दुरुस्त होते हाच त्याचा लौकिक होता.

काय मागायचे, काय करायचे

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. कंपनीने स्वेच्छेने टाकलेली माहिती ही कृपा असते. आणि कृपेवर हक्क सांगता येत नाही. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीविषयीचा निदेश संमत केला व सदस्य देशांना तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करण्याचे बंधन घातले. तोही ठरावीक वस्तूंच्या यादीपुरताच दुरुस्तीची सक्ती करतो. त्या यादीत धुलाईयंत्र आहे, मोबाइल आहे, कॅमेरा नाही. आपण यादी मागू नये, तत्त्व मागावे.

म्हणून आपली पहिली मागणी अशी असली पाहिजे : जी कंपनी वस्तू विकते तिने तिचे सुटे भाग, हत्यारे व माहितीपुस्तिका ठरावीक वर्षांपर्यंत, वाजवी दरात, मागेल त्या कारागिराला पुरविलेच पाहिजेत. एका यंत्राचा भाग दुसऱ्यात चालू नये अशी रचना करणे बेकायदा ठरले पाहिजे. दुसरी मागणी : ज्या दिवशी कंपनी एखाद्या यंत्राचा आधार काढून घेईल, त्या दिवशी त्याची रेखाचित्रे सार्वजनिक झाली पाहिजेत. ६२० च्या रिळासारखे अनाथ करण्याचा अधिकार यापुढे कोणाला नसावा.

तिसरी मागणी भंगाराची. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेले ई-कचऱ्याचे नियम उत्पादकाची जबाबदारी मुख्यतः परत मिळविलेल्या सोने, तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम या धातूंच्या वजनावर मोजतात. वस्तू दुरुस्त करून आयुष्य वाढविणाऱ्याला नियमांत स्थान आहे. पण त्याच्या कामाने कंपनीचे दायित्व केवळ पुढे ढकलले जाते. वितळलेल्या तांब्याला प्रमाणपत्र मिळते. वाचविलेल्या शटरची नोंदही होत नाही. यंत्र भट्टीत वा चक्कीत जाण्यापूर्वी त्यातील उपयोगी भाग काढून घेण्याची सक्ती झाली पाहिजे. हे काम आज जे भंगारवेचक व लहान कारागीर उघड्यावर, हातमोज्यांवाचून करतात, त्यांनाच सुरक्षित जागा, ओळखपत्र आणि मजुरी देऊन ते सोपविले पाहिजे.

चौथी मागणी शिक्षणाची. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सूक्ष्म यंत्रांच्या दुरुस्तीला मानाचे स्थान मिळावे, आणि बोराबाजारातील पदवी नसलेल्या वृद्ध कारागिराला तेथे मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. ज्ञान त्याच्या बोटांत आहे. त्याच्यानंतर ते कोणत्याही संकेतस्थळावर सापडणार नाही.

सरकारकडे मागण्या करून आपले काम संपत नाही. २००९ साली आम्स्टरडॅममध्ये सुरू झालेल्या दुरुस्ती-मेळाव्यांची प्रथा जगभर पसरली आहे. लोक मोडकी वस्तू घेऊन येतात आणि जाणकाराबरोबर बसून ती उघडतात. आपल्या शाखांच्या कार्यालयांत, वाचनालयांत, कामगार कल्याण केंद्रांत महिन्यातून एक रविवार हे सहज करता येईल. परंतु एक पथ्य पाळले पाहिजे : सुखवस्तूंच्या फुकट सेवेने गल्लीतील कारागिराची मजुरी मारली जाता कामा नये. त्यालाच मानधन देऊन मध्यभागी बसवावे. त्याच्या हाताखाली चार तरुणांनी शिकावे. सुट्या भागांची सामाईक पेटी सहकारी मालकीची असावी, आणि कोणता भाग कोणत्या यंत्राला चालतो याची मराठीत वही लिहिली जावी. सहकाराचा एवढा बोलबाला असलेल्या महाराष्ट्रात दुरुस्ती करणाऱ्यांच्या सहकारी संस्था का उभ्या राहू नयेत?

मार्क्सने यंत्राला साठविलेले, मृत श्रम म्हटले आहे. जिवंत श्रमाचा स्पर्श झाल्यावाचून ते लोखंड गंजते आणि लाकूड कुजते. म्युनिकच्या, ड्रेस्डेनच्या, रोचेस्टरच्या कारखान्यांतील कामगारांनी पितळेत ओतलेले श्रम आज आपल्या भंगारबाजारांत पडून आहेत. त्यांना भट्टीत घालायचे, भिंतीवर टांगायचे, की पुन्हा कामाला लावायचे, हा निर्णय बाजारावर सोडता येणार नाही. आणि जी यंत्रे आज आपले कामगार जोडत आहेत त्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. जे उघडण्याचा अधिकार आपल्याला नाही ते आपल्या मालकीचे नाही. आणि जे आपण विकत घेतले आहे ते उघडण्याची परवानगी आपण कोणाकडेही मागणार नाही, हे आता ठणकावून सांगण्याची वेळ आली आहे.